पुढचा एक्सल

दगडांवर चढणारी गाडी बांधायची तर घाई चालत नाही. रिमोटवरच्या बाकीच्या गाड्या पळण्यासाठी असतात, ही मुंगीच्या पावलांनी चढण्यासाठी. चारही चाकं एकदम ओढतात, टायर लोण्यासारखे मऊ, आणि चढावर तोंड वर उचललं जाऊ नये म्हणून पुढच्या चाकांच्या पोटात पितळी वजनं. भाऊजींनी अशी एक गाडी अर्धी बांधून ठेवली होती. गेल्या हिवाळ्यात गॅरेजमधल्या खुर्चीत, तीच मांडीवर घेऊन बसलेले असताना ते गेले.

तेव्हापासून ताई त्या घरात एकटी. एकेक खोली बंद करत ती स्वयंपाकघर आणि गॅरेज एवढ्यावर आली होती. जेवायची तेसुद्धा उभ्याने, ओट्याशी. माझ्याकडे चल म्हणून विनवण्या करून मी थकलो. बायकोने तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली, पडदे लावले. शेवटी ताई म्हणाली, "यांची गाडी एकदा त्या दगडांवरून चालू दे, धाकट्या. मग मी बॅग भरते."

दगड म्हणजे गॅरेजच्या मागच्या दारापुढे भाऊजींनी स्वतः रचलेला ढीग. उंची गुडघ्याएवढी. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर माणसांना मजल्यामागून मजले वर चढवतो. मनात म्हटलं, हा तर हातचा मळ आहे.

काम मन लावून केलं. कानात कीर्तन लावलं की माझे हात आपोआप चालतात. मोटर बसवली, वायरी ओवल्या, टायरमध्ये फोम भरला. वरची बॉडी भाऊजींनी पत्र्याचा डबा कापून घडवली होती, इतकी सुबक की कड कुठे बोटाला लागत नव्हती. आत चालकाच्या सीटवर ताईने त्यांच्या जुन्या चौकडीच्या शर्टाची अंगठ्याएवढी गादी शिवून दिली होती. चालक मात्र नव्हता.

"माणूस शेवटी बसवू म्हणायचे," ताईने सांगितलं.

दुपारी गाडी ढिगाशी नेली आणि रिमोट दाबला. गाडी थरथरली, कण्हली, जागची हलली नाही. उचलून बघतो तर मागची चाकं पुढे फिरताहेत आणि पुढची मागे.

मला हसूच आलं. एक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, पोटात दातेरी कडं असतं. ते उजव्या अंगाला बसवलं तर चाकं पुढे फिरतात, डाव्या अंगाला बसवलं तर मागे. पुढचा एक्सल भाऊजींनीच जुळवलेला होता, मी तो उघडलाच नव्हता.

"कायमची चूक यांची," ताई म्हणाली. "दर गाडीत एकदा तरी उलटं बसवायचेच. वर म्हणायचे, गाडीला घर सोडवत नाही त्याला मी काय करू."

मी कडं काढून उजवीकडे बसवलं. स्टँडवर चारही चाकं एका दिशेने फिरली. दगडाशी नेली, तर पुन्हा तीच थरथर. एक्सल उघडला. कडं डावीकडे.

बसवताना चुकलो असेन, असं म्हणून पुन्हा बसवलं, कड्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. पुढच्या सुट्टीला आलो, ठिपका डावीकडे. दुकानातून नवा कोरा एक्सल आणला, त्याच्याही कड्यावर ठिपका दिला, ताईसमोर लावला. दगडाशी तोही अडला. मी पाना भिंतीवर फेकला, त्याचा टवका अजून तिथे आहे. असली चूक लिफ्टमध्ये केली असती तर मला कुणी दारात उभं केलं नसतं. खेळणं माझ्या छातीवर बसलं होतं.

मग वाईट विचार आला.

"ताई, तू उघडतेस का हे? यायचं नसेल तर तसं सांग ना सरळ."

ताई म्हणाली, "मला बल्ब बदलता येत नाही रे."

लाज वाटली, पण शंका गेली नाही. मी ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे स्क्रू आणले. त्यांची चावी माझ्या खिशात. कडं उजवीकडे बसवून स्क्रू आवळले, वर ताईच्या नेलपॉलिशने सील केले.

"हे तरी कामाला आलं," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी ताई हसली.

गाडी दगडाशी ठेवली.

थरथर. कण्हणं.

मी रिमोट दाबून धरला. मोटर तापल्याचा वास यायला लागला. पुढची चाकं मागे रेटत होती, मागची पुढे, आणि मधली चौकट धनुष्यासारखी वाकत होती. कानातला इअरफोन काढायचा राहिला होता. कीर्तनातले बुवा रंगात आले होते: गाडी दिसते बाबांनो, हाकणारा दिसत नाही. हे मी शंभरदा ऐकलं असेल, दर वेळी मान डोलवली असेल. मी इअरफोन उपटून फेकला.

"मोडेल ती," ताई म्हणाली. "सोड."

"मोडू दे."

ती ढिगापलीकडे जाऊन उभी राहिली. नजर गाडीवर.

"नाही जात मी," ती म्हणाली. "ऐकलंत? इथेच आहे."

ते माझ्याशी नव्हतं.

गाडी शांत झाली. मग निघाली. पहिला दगड, दुसरा. एक चाक खाचेत गेलं, थांबलं, सावकाश वर आलं. माथ्यावरून उतरून ती ताईच्या पायाशी थांबली.

ताईने पदराने तिच्यावरची धूळ पुसली.

मी गाडी टेबलावर घेतली. नेलपॉलिशला चरा नव्हता. खिशातल्या चावीने स्क्रू काढले.

ठिपका डावीकडे होता. अशा एक्सलने गाडी तसूभर हलत नाही.

"बंद कर रे ते," ताई दारातून म्हणाली. ती घरातल्या खिडक्या उघडायला निघाली होती. "उघडं नको ठेवूस. यांना गारठा सोसत नाही."

मी निमूटपणे स्क्रू आवळले. आवळताना सीटकडे लक्ष गेलं. अंगठ्याएवढी ती गादी मधोमध दबली होती. बोट लावलं, तर कोमट लागली.