मिठागराचं शेवटचं दार

"माझा खेळ कुणीतरी मारतंय हो!" असं ओरडत तो पोरगा कचेरीत शिरला, तेव्हा फानच्या तोंडात माशाच्या पेजेचा घास होता. झालं, सकाळीसकाळी वेडा आला, असं त्याला वाटलं.

ताइनानच्या त्या गल्लीत वेईबाईंच्या हेरगिरीच्या कचेरीकडे येणारी गिऱ्हाइकं ठरलेली. बायकोला नवऱ्याचा संशय, नाहीतर नवऱ्याला बायकोचा. "आपण लोकांच्या जळफळाटावर जगतो फान, तो आहे तोवर आपली चूल पेटणार," असं बाई म्हणायच्या. पाटीवर नाव मात्र एकट्या बाईंचं. लोकांच्या मागे फिरून पाय झिजले फानचे आणि वर्तमानपत्रात फोटो बाईंचा. फान याबद्दल कधी बोलला नाही. पण पाटी पुसायला सांगितली की नेमकी त्याची कंबर धरायची.

"बसा. कुठला खेळ?" वेईबाईंनी विचारलं.

"व्हिडिओ गेम. 'मिठागर'. हरवलेल्या बापाला मिठागरात शोधत फिरणारी मुलगी. मी शाओ कुआन-तिंग. मी आणि दू रुई-लिन, आम्ही दोघांनी सहा वर्षं खपून केलाय. खेळ चालता करायचं काम माझं, चित्रं त्याची. गेल्या शुक्रवारी ऑनलाइन दुकानांत विक्रीला आला."

त्यानं फोन पुढे केला. सगळं जग जिथं खेळ विकत घेतं त्या मोठ्या दुकानात, 'मिठागर'च्या खाली, 'खारा वारा' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं: *मुलगी कोठाराचं शेवटचं दार ढकलते आणि खेळ तिथंच गोठतो. सगळी मेहनत पाण्यात. घेतला असेल तर परत करा.*

"आणि लोक परत करतायत! न खेळताच!" कुआन-तिंगचा आवाज चिरकला. "मोठ्या दुकानाचं असंच असतं बाई. मतं वाईट झाली की खेळ दर्शनी फळीवरून उचलून अडगळीत टाकतात. एकदा तिथं गेला की कुत्रंसुद्धा विचारत नाही. रविवारी फळी बदलणार. सहा वर्षं गेली म्हणून समजा."

"दार खरंच अडतं का?"

"मुळीच नाही! मी स्वतः हजारदा उघडलंय. छोटं दुकान आहे एक, आमच्यासारख्यांचं, किंमत आपली आपण ठरवायची. खेळ तोच, पण तिथं एकाचीही तक्रार नाही."

"आणखी कुठं विकता?"

"हातात धरून खेळायचं यंत्र असतं ना, त्याच्या दुकानात विकायचाय. पण त्यांचे नखरे! महिनाभर आधी द्या, ते तपासणार, खोट काढणार, परत पाठवणार. आमचाही परत आला. शेवटाकडे त्या यंत्रावर काहीतरी अडायचं. गेल्या आठवड्यात दुरुस्त करून दिलाय, विक्री पुढच्या महिन्यात. पण ते सोडा. हा खारा वारा कोण, ते सांगा. दुकान नाव सांगत नाही. गिऱ्हाइकाचं मत आहे म्हणे, काढणार नाही."

"तुमच्यावर जळतं कोण?"

"पेंग, तोही खेळ बनवतो. कॉलेजपासून जळतो. आणि लान यी-आन, संगीत तिचं. माझं-तिचं वाजलंय."

"आणि रुई-लिन?"

"तो सख्ख्या भावासारखा आहे मला," कुआन-तिंग एकदम म्हणाला.

तो गेल्यावर बाईंनी फर्मान सोडलं, "फान, खेळ विकत घे आणि शेवटपर्यंत खेळ."

"मी? बाई, मला फोनवरचा गजर लावता येत नाही!"

"म्हणूनच."

पेंग चहाच्या दुकानात स्वतःच्या खेळाची मतं वाचत बसला होता. त्याच्या लॅपटॉपवर मक्याच्या कुरमुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवलेलं, ते ठेवलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी तिथली समजूत. गिऱ्हाईक काही त्यानं आलं नव्हतं.

"जळतो का म्हणे! अहो, धूर निघतोय!" तो म्हणाला. "माझा खेळ त्याच शुक्रवारी आला. मी पहिल्या पानावर जेमतेम जेवणाच्या सुट्टीपुरता होतो आणि ह्याच्या मुलाखती!"

"शेवट पाहिलात त्याचा?"

"प्रदर्शनात पहिला भाग खेळलो, पुरे झाला. पुढे बाप कुठल्यातरी होडीत सापडत असणार. असल्या रडक्या गोष्टीत दुसरं काय असतं?"

लान यी-आन सरळ भांडायलाच उठली. "मी? मी कशाला? दार उघडल्यावर माझी सगळ्यात लांब चाल आहे. कुआन-तिंगनं दाराचं चित्रण पाठवलं, ते रोज बघून महिनाभर बसवलीये मी. आता लोक खेळ परत करतायत, म्हणजे ती ऐकणार कोण? तुमचं ते मांजर?" कचेरीत मांजर नव्हतं, पण फान उगाच ओशाळला.

रुई-लिन घरीच होता. भिंतीवर मुलाखतीचं कात्रण. त्यात कुआन-तिंगचा हसरा चेहरा, आणि मागे रुई-लिनची चित्रं.

"छान आलाय फोटो," बाई म्हणाल्या.

"कुणाचा?" रुई-लिननं कोरडेपणानं विचारलं.

"ते शेवटचं दार तुम्हीच काढलंत?"

"पन्नासदा. हातातल्या यंत्रावर चित्रं नीट दिसतात का ते तपासायचं काम माझंच. इथंच बसून करतो."

"आणि संगणकावरची तपासणी?"

"ती तो करतो. सगळं त्याचंच तर आहे." त्यानं ब्रश पाण्यात आपटला. "आणि दारापाशी खेळ अडतो, हे काय खोटं आहे? लोक उगाच कशाला लिहितील?"

बाहेर आल्यावर फान हळहळला. "बिचारा! इतकं करून नाव कुठंच नाही. मला विचाराल तर चोर पेंग. तोंडानं कबूल करतोय मेला."

"तोंडानं कबूल करणाऱ्याचं पोट रिकामं होतं, फान. गिळून बसतो त्याला भ्यावं," बाई म्हणाल्या.

फान खेळायला बसला तो उठेचना. "बाई, मला बिल्ला मिळाला! पहिला वाफा ओलांडला की दुकान बिल्ला देतं! माझ्या पानावर सगळ्या जगाला दिसतो!" दुसऱ्या दिवशी दुपारी तो नाक शिंकरत बाहेर आला.

"दार?"

"ढकललं की उघडलं. मग नावं आली. पण मला काही दिसेचना बाई, डोळे वाहत होते नुसते."

बाईंनी फानच्या संगणकापाशी बसून ती नावं पाहिली. मग त्यांनी खाऱ्या वाऱ्याचं पान उघडलं, बराच वेळ न्याहाळलं आणि चौघांना शनिवारी बोलावणं धाडलं.

चौघं आले. एकानंही चहाला हात लावला नाही.

"खाऱ्या वाऱ्यानं 'मिठागर' नऊ तास खेळल्याची दुकानात नोंद आहे," वेईबाईंनी सुरुवात केली. "पण त्याच्या पानावर एकही बिल्ला नाही. आमच्या फानला पहिल्याच वाफ्यावर मिळाला, आणि फान म्हणजे काय ते तुम्ही बघताच आहात."

"बाई!" फान कळवळला.

"म्हणजे या माणसानं खेळ विकत घेतला, चालू केला आणि नुसता सोडून दिला. मत लिहिताना खेळलेले तास दिसावेत म्हणून. तो खेळलाच नाही. मग शेवटचं दार त्याला कसं ठाऊक? पेंगला वाटतं बाप होडीत सापडतो. त्याला दार आहे हेच माहीत नाही."

"जळण्याचंसुद्धा बक्षीस नाही," पेंग पुटपुटला.

"लानला दार ठाऊक आहे, पण तिनं ते कायम उघडतानाच पाहिलंय. मोठ्या दुकानात दार अडत नाही, छोट्यातही नाही. ते एकाच ठिकाणी अडायचं, हातातल्या यंत्रावर, आणि त्यावरचा खेळ अजून बाहेर कुणाला विकलेलाच नाही. घरी बसून ते तपासणारा एकच माणूस आहे. त्याला वाटलं, सगळ्या दुकानांत एकच माल असणार. जे आपल्याकडे अडलं ते सगळीकडे अडत असेल."

कुआन-तिंग सावकाश वळला. "रुई?"

रुई-लिन लालबुंद झाला होता. "हो, मीच! सहा वर्षं! तुझ्या त्या मिठाचा कण न् कण मी काढला. मुलाखतीत एकदा, एकदा तरी माझं नाव घेतलंस? लोक तुझ्या हातात हात देतात आणि मला विचारतात, तुम्ही ह्यांचे कोण? रात्रंदिवस पोटात आग व्हायची माझ्या. म्हटलं, जळू दे मग सगळंच."

 फाननं पाटीच्या दिशेनं पाहिलं आणि मान खाली घातली.

"या," बाई म्हणाल्या. त्यांनी रुई-लिनला फानच्या संगणकापुढे बसवलं. पडद्यावर मुलगी दारासमोर उभी होती. "ढकला."

त्यानं ढकललं. दार उघडलं. लानची ती लांब चाल सुरू झाली, मिठाच्या पांढऱ्या राशी उजळल्या, आणि त्यावर अक्षरं आली. *दू रुई-लिन यांचा खेळ.* खाली, बारीक अक्षरांत, *मदत: शाओ कुआन-तिंग.*

त्याच्या यंत्रावर दुरुस्तीआधीचीच प्रत होती, ती दारापाशीच गोठायची, म्हणून ही अक्षरं त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

"तुला आधी सांगायचं नव्हतं," कुआन-तिंग म्हणाला. "गंमत करणार होतो. म्हणून मुलाखतीत गप्प बसलो. चुकलंच माझं. पण तू विकत घेतलास ना रे? मग एकदा खेळायचंस तरी!"

रुई-लिननं तोंड झाकलं. खांदे हलत राहिले. मग तो म्हणाला, "काढतो मी ते. आत्ता काढतो."

"नाही. परत गेलेला माल तेवढ्यानं येत नाही," कुआन-तिंगनं कळफलक त्याच्यापुढे सरकवला.  "काढू नकोस. त्याच्याच खाली लिही. दार उघडतं, मी खेळलो नव्हतो, मी खोटं लिहिलं. आणि त्याखाली सही कर. पूर्ण नाव घाल. नाव हवं होतं ना तुला?"

 

रुई-लिननं डोळे पुसले आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर तो थांबला. मग एकेक अक्षर शोधत त्यानं आपलं नाव घातलं, आणि बटण दाबण्याआधी कुआन-तिंगकडे पाहिलं. कुआन-तिंग खिडकीबाहेर बघत होता.