आरशासमोरचा कोरा कागद

कलेच्या मंदिरात सगळे समान असतात. म्हणूनच प्रवेशपरीक्षेच्या दिवशी त्या मंदिराला बाहेरून कुलूप घालत.

आत तिघं होती: चित्रकलेच्या बाई, प्राचार्यांचा भाचा आणि कॉलेजच्या शिपायाची मुलगी. परीक्षेतून भरायची जागा एकच. तीन तासांत आरशात बघून कोळशाने स्वतःचं हुबेहूब चित्र काढायचं. आरसे भिंतीला ठोकलेले, खुर्च्या जमिनीला. खिडक्यांना जाळ्या. स्वतःचा चेहरा न्याहाळताना माणूस ओशाळतो, म्हणून पहिले दोन तास बाईंनी पाठ करून बसायचं, असा नियम होता. नियम करणाऱ्याला माणसांचा अनुभव बेताचाच असावा.

सुरुवातीला भाच्याने चष्मा पुसायला काढला आणि खुंटीवरच्या कोटाला विचारलं, "बाई, बसू का?" कोट काही बोलला नाही. बाईच "बस" म्हणाल्या आणि वळून बसल्या.

दोन तासांनी त्यांनी मागे पाहिलं. भाच्याचं चित्र तयार होतं, अप्रतिम होतं. मुलीचा कागद कोरा.

"हे काय गं?"

मुलीचे हात पाठीमागे.

"नुसती बघत बसली होती, बाई," भाचा म्हणाला. "मला तर कीव आली."

कोरा कागद म्हणजे नापास. बाईंनी पेनचं टोपण काढलं. मग पुन्हा भाच्याच्या चित्राकडे पाहिलं.

"चित्रात चष्मा नाही तुझा."

"काढून ठेवला होता. चष्म्यात मी मास्तर दिसतो."

"दोन्ही तास?"

"दोन्ही तास."

"आणि नाकाच्या दोन बाजूंचे हे खळगे?"

"चष्म्याचे वळ आहेत, बाई. दिसलं ते काढलं."

"कुणाला दिसलं?" बाईंनी पेनला टोपण लावलं. "चष्मा घातलास की वळ त्याखाली झाकले जातात. काढलास की तुला कोट आणि मी यांतला फरक कळत नाही. आरशात ते वळ तुला दिसणं शक्यच नाही. शेजारच्या खुर्चीवरून मात्र दिसतात." त्या मुलीकडे वळल्या. "हात दाखव."

दहाही बोटं कोळशाने काळी होती. भाच्याची लोण्यासारखी स्वच्छ.

"कागद बदलले आम्ही," मुलगी म्हणाली. "काल जिन्यात अडवून म्हणाला, माझं चित्र काढून दे, नाहीतर मामाला सांगून तुझ्या बाबांना काढायला लावतो."

"गंमत केली हो बाई!" भाचा दाराशी धावला. दार हललं नाही. किल्ली तिच्या बाबांकडे होती आणि घंटेला अजून पन्नास मिनिटं होती.

"बाबांचं मी बघते," बाई म्हणाल्या. "तू बस. काढ स्वतःला."

तिने काढलं. सुजलेल्या डोळ्यांसकट.

जागा तिला मिळाली. शिपायाची नोकरीही राहिली. प्राचार्यांच्या हातात मात्र दरवर्षी आणखी एक जागा असते, त्या जागेला परीक्षा नसते. ती आठवड्यापूर्वीच भाच्याच्या नावाने भरली होती. त्याला सांगायचं राहून गेलं होतं.