बॅटरी रिकामी कशी झाली?

“ओत पिशवी! सगळी ओत!” कॅप्टनने हुकूम सोडला.

कॅप्टन म्हणजे कुणी दाढीमिशीवाला नव्हे, आठवीतली मुलगी! पण सुट्टीत नदीकाठी तंबू ठोकल्यापासून सगळ्यांना कामं वाटून देणारी तीच. समोर तिचा चुलतभाऊ भोपळ्या उभा होता. त्याने मुकाट्याने पिशवी रिकामी केली. टॉवेल पडला, दोन सदरे पडले, फोन पडला आणि सगळ्यात शेवटी एक कापडी हत्ती पडला. एका कानाचा!

“अय्या! भोपळ्यादादा अजून हत्ती घेऊन झोपतो!” आत्याची धाकटी मुलगी मुंगी खिदळली.

भोपळ्याचे कान लालबुंद झाले. कॅप्टनचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने त्याचा फोन चालू केला.

“बघा! जवळजवळ पूर्ण भरलेला! आणि आपली मोठी बॅटरी? दिवसभर सोलर पॅनेलला जोडून ठेवली, तरी भरायचं नाव नाही. कुणी प्यायली सगळी वीज? चोर सापडला!”

“मी आल्यापासून फोन बंदच ठेवलाय गं.”

“हो का? आम्ही काय दूधखुळे आहोत?”

चेष्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. मुंगीला दमा होता. धाप लागली की तिला औषधाची वाफ देणारं छोटं मशीन लावावं लागे, आणि ते चालायचं या बॅटरीवर. तंबूत राहण्याची तिची ही पहिलीच वेळ.

आत्या म्हणाली, “आज रात्रीपुरती आहे बॅटरीत वीज. पण उद्या संध्याकाळपर्यंत निम्मी तरी भरली नाही, तर मी मुंगीला घेऊन सरळ घरी जाणार.”

मुंगीचं खिदळणं थांबलं.

भोपळ्याचे बाबा, म्हणजे कॅप्टनचे काका, लाँड्री चालवायचे. ते भोपळ्यावर कडाडले, “माझा मुलगा असून असं वागतोस? लाज वाटायला हवी!”

भोपळ्याने हत्ती उचलला आणि तो तंबूबाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर कॅप्टनने पॅनेल बाहेर काढलं. पॅनेल कसलं, घडीची चादरच म्हणा ना! चार गडद निळे चौकोन कापडावर शिवलेले. तिने ते सपाट खडकावर पसरलं, वायर तंबूतल्या बॅटरीला जोडली आणि रोजच्यासारखी हाक मारली, “काका, आम्ही पोहायला जातो. याला तेवढं ऊन दाखवा हं!”

“जा, जा, निश्चिंत जा!”

पण आज ती गेलीच नाही. मुंगीला घेऊन ती झुडपामागे दबा धरून बसली. “आज भोपळ्याला रंगेहाथ पकडते की नाही बघ!” ती कुजबुजली.

“पण ताई, तो तर तिथे बसलाय,” मुंगीने बोट दाखवलं.

खरंच! भोपळ्या दूर वाळूत, पाठमोरा, एकटाच बसला होता.

पॅनेलजवळ आले ते काका! त्यांनी धूळ झटकली. चारही कोपरे प्रेमाने ताणून सरळ केले. आणि मग काय केलं असेल? पॅनेल अलगद उचललं नि उलटं टाकलं! निळी बाजू खाली, खडकावर!

“काका!” कॅप्टन झुडपातून उसळून बाहेर आली. “हे काय करताय?”

“अगं, तूच सांगितलंस ना ऊन दाखवायला? एवढा गडद रंग! सुलट टाकलं तर विटेल की नाही? उभा जन्म लाँड्रीत गेला माझा. रंगीत कापड नेहमी उलटं वाळत घालावं. तुम्ही यायच्या आत रोज सुलट करून घडी घालून ठेवतो. एक सुरकुती दाखव!”

मुंगी पोट धरून हसली. “काका, हे कापड नाही! त्या निळ्या बाजूवर ऊन पडलं की वीज तयार होते. तुम्ही रोज त्याला पालथं झोपवत होता. तोंड खाली करून ते जेवणार कसं?”

काकांचा चेहरा उतरला. “आणि काल मी पोराला बोललो...” ते पुटपुटले.

कॅप्टनला हसू आलं नाही. ‘ऊन दाखवा’! काकांनी तिचा शब्द न् शब्द पाळला होता. ‘निळी बाजू वर ठेवा’ एवढं सांगायला तिला कितीसा वेळ लागला असता? पण पाण्यात उडी मारायची घाई! ‘पॅनेल मी सांभाळते,’ असं आत्याला तोऱ्यात सांगितलं होतं तिनेच. आणि पिशवी ओतायला लावली कुणाला?

पॅनेल सुलट करून ती वाळूतून चालत गेली.

“भोपळ्या...” ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

“भरायला लागली का बॅटरी?” त्याने मान न वळवता विचारलं.

“हो. तू फोन खरंच बंद ठेवला होतास?”

“मुंगीचं मशीन त्याच बॅटरीवर चालतं ना. मग तिच्यातली वीज कशाला घ्यायची?”

धरणीने पोटात घ्यावं, असं कॅप्टनला वाटलं.

मग सगळे पॅनेलपाशी जमले. नुसतं पसरून भागत नव्हतं. सूर्य सरकेल तसं त्याचं तोंड फिरवावं लागत होतं. झाडाची सावली एका कोपऱ्यावर आली, तर बॅटरी भरण्याचा वेग एकदम मंदावला! काकांनी दोन्ही हातांनी पॅनेल तिरपं धरलं आणि ते शेवटपर्यंत हलले नाहीत.

संध्याकाळी बॅटरी निम्म्याच्या वर गेली! मुंगीने उड्याच मारल्या.

“शाब्बास, कॅप्टन!” आत्याने तिची पाठ थोपटली. “छान छडा लावलास!”

“नको, आत्या.” कॅप्टन मागे सरकली. “मी छडा लावायला गेलेच नव्हते. भोपळ्याला पकडायला गेले होते. चूक माझी होती आणि त्याला चोर ठरवलं. सगळ्यांसमोर पिशवी ओतायला लावली, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. भोपळ्या, मी चुकले.”

“मीही चुकलो रे,” काका खालच्या आवाजात म्हणाले.

आत्याने पुन्हा तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “मघाची शाब्बासकी परत घेते. ही घे. ही खरी तुझी.”

पण कॅप्टनची मान वर झाली नाही. “उद्या दिवसभर पॅनेलपाशी मी बसेन,” ती म्हणाली. “पोहायला जाणार नाही.”

“एकटी कंटाळशील,” भोपळ्या म्हणाला.

“कंटाळू दे.”

त्याने जरा विचार केला. “दुपारी मी येतो सोबतीला. पण सावली आली की ओरडायचं नाही हं. नुसतं सांगायचं.”

कॅप्टनने खाली मान घालूनच हो म्हटलं.