तासातासाची हाक

चंद्रावरच्या मुख्य तळावर उर्मिला खांबेटेचं डोकं उठलं होतं, आणि उठवणारा माणूस डोंगरापलीकडच्या वेधशाळेत एकटाच राहत होता. शब्बीर मणेर. आवाजी संपर्क बिघडल्यापासून तो लिहून कटकट करायचा.

'दर तासाला पडद्यावर पेटी: आपण ठीक आहात का? हो दाबा, नाहीतर काम अडतं. झोपेतसुद्धा उठवते. शिवाय चहापूड भिकार आहे.'

ही पेटी, म्हणजे तासातासाची हाक, काढता येत नव्हती. जीवरक्षण प्रणाली तळाच्याच संगणकावर चालायची, पण ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती आणि तिची मूळ आज्ञावली कुलूपबंद होती.

"मी प्रणालीला हातच लावत नाही," उर्मिला तळप्रमुख केळुसकरांना म्हणाली. "ती आणि शब्बीरभाईंचा पडदा यांच्यामध्ये एक छोटा मध्यस्थ संगणक बसवते. पडद्याकडे जाणाऱ्या पानात तो माझ्या आज्ञांच्या चार ओळी घुसवेल. पेटी आली की त्या ओळीच 'हो' दाबतील."

"प्रणालीला कळणार नाही?"

"तिला उत्तर हवंय. कोणी दिलं, हे ती विचारत नाही."

केळुसकरही वैतागलेलेच होते. त्यांनी मान डोलावली.

काही दिवसांनी ते खुशीत म्हणाले, "एक हाक चुकली नाही, की एक तक्रार नाही."

उर्मिला हातातलं काम टाकून पडद्याकडे वळली. पेटी गेली, हे ठीक. पण चहापूड तर तीच होती.

तिने शब्बीरला निरोप धाडला. उत्तर नाही. पुन्हा धाडला. तरीही नाही.

"सर, बचावगाडी सोडा."

"कशी सोडू? तीन हाका चुकल्याशिवाय गाडीचं कुलूप उघडत नाही. प्रणाली म्हणतेय तो ठीक आहे."

"ते मी म्हणतेय. सगळे 'हो' माझे आहेत."

तिने मध्यस्थातून चारही ओळी पुसल्या. पुढची हाक गेली. 'हो' आलं. तिने टेबलावर मूठ आपटली. पान शब्बीरच्या पडद्यावर आधीच उघडं होतं, त्या ओळींसकट. ते नव्याने उघडायला तिथेच कोणाचा तरी हात लागणार होता.

शेवटी तिने मध्यस्थाची तारच उपटली. आता वेधशाळेतून काहीच येणार नव्हतं, खोटंही नाही.

पहिली हाक चुकली. मग दुसरी.

"तो नुसताच रुसून बसला असेल तर?" केळुसकर म्हणाले. "संपर्क तोडलास म्हणून शिव्या घालेल."

"घालू देत, सर," उर्मिला म्हणाली, आणि शिरस्त्राण मांडीवर घेऊन तिसरी हाक चुकण्याची वाट पाहत बसली.