गिरणीतला तो

माझ्या हातातली फुगलेली बॅटरी त्याने अलगद काढून घेतली आणि वाळूच्या बादलीत सोडली.

"फुगलेल्यांशी जपून वागावं," तो म्हणाला. "कधी पेट घेतील, नेम नाही."

"आमच्या मुकादमीणबाईंना सांगू का हे?"

बाई त्याच्या मागेच उभ्या होत्या... गाल फुगवून. तो हसू दाबत सटकला.

मी जुन्या बॅटऱ्या निवडायचे, तो पलीकडच्या शेडमध्ये त्या भरडायचा. त्या शेडला आम्ही गिरणी म्हणायचो. तिथून काळी पूड निघायची आणि तिच्यातून पुढे कोबाल्ट, निकेल काढायचे. मोलाची पूड. माझ्या बाबांनी ती आयुष्यभर पोत्यांत भरली आणि शेवटचं वर्ष उशीला टेकून, बसल्या जागी धापा टाकत काढलं. त्यांचं सगळं मीच केलं. गिरणीतल्या माणसाकडे मान वर करून बघायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं.

पण मन आपलं ऐकतं थोडंच.

जेवणाच्या सुट्टीत तो नळावर तोंड धुवायचा. पापण्यांच्या कडेला पूड तशीच राहायची.

"काजळ छान लागलंय," मी म्हणायचे.

"दृष्ट लागू नये म्हणून."

"कुणाची?"

"तुमचीच... रोज बघता ना."

एकदा पत्र्यावर पाऊस कोसळत होता. आडोशाला आम्ही दोघंच. "एक विचारायचं होतं—" तो म्हणाला, आणि त्याला खोकला आला. थांबेचना. तो खोकला मला पाठ होता. मी हातातली पाण्याची बाटली पुढे केली, पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

त्यानंतर तो नळावर यायचा बंद झाला. फाटकाशी गाठलं, तर म्हणाला, "घरचे माझ्यासाठी स्थळं बघतायत. तुम्ही वाट बघू नका."

त्याची थोरली बहीण माझ्याच शेजारी बॅटऱ्या निवडायची. तिला विचारलं, तेव्हा तिचे हात थांबले. "कसली स्थळं नि कसलं काय. छातीचा फोटो काढलाय. पूड आत बसलीय."

घरी आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा निभावलंस, तेवढं पुरे नाही का झालं, बाई?"



सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी गेले. तो दारातल्या पायरीवर बसला होता.

"बाबांचं केलंस तू," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "आता माझं करायला लावणार नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गिरणी सोडली तर बरीच वर्षं... कदाचित. पण दुसरं काय येतं मला?"

"निवडायला ये. आमच्यात एक जागा रिकामी आहे. सगळ्या बायका आहेत, चिडवून जीव खातील."

त्याच्या ओठांवर हसू आलं आणि विरलं. "आणि नाहीच जमलं तर?"

"भीती वाटते मला," मी म्हणाले. "बाबांच्या वेळी पुढे काय येणार ते माहीत नव्हतं. आता सगळं माहीत आहे. तरी आलेय."

तो माझ्याकडे वळला. मग पायरीवर जरासा सरकला, आणि मी बसले.