मडगार्डवरचे दोन टोले

जिते गावात एक गुणाजी होता, एक कृष्णाबाई होती आणि दोघांचा मिळून एक म्हातारा ट्रॅक्टर होता. कृष्णाबाई म्हणजे मीच. गुणाजी माझा नवरा. नाव एकदा घेतलं, आता पुढे 'हे' म्हणते. ट्रॅक्टर चालवायचे माझे थोरले दीर, सखाभावजी. ते जाऊन वर्ष झालेलं. चिखल करायचा मागचा पात्यांचा रोटर खाली सोडायच्या आधी ते मडगार्डवर पान्याने दोन टोले हाणायचे. टण, टण. म्हणजे मागून बाजूला व्हा. मिथुन मेकॅनिक त्यांच्याच हाताखाली शिकला.

त्या दुपारी रोपाच्या मुठी उपटून पाण्यात ठेवलेल्या. उद्याच्या लावणीला बायका सांगितलेल्या, आणि चिखलणी अर्धीच. रोटर वर उचलावा, तर जरा वेळाने आपोआप खाली बसे. अजून दोन दिवस गेले असते तर रोपं कुजली असती, वर्षाचा भात गेला असता.

नागोठण्याहून मिथुन आला. तेल बोटावर घेतलं, ताकासारखं पांढरं.

"मामा, चिखलाचं पाणी गेलंय आत."

"मग काढ की! बघत काय बसलास, कढी करायचीय?"

तेल बदललं, जाळी धुतली. रोटर वर गेला, थांबला, आणि परत हळूहळू खाली.

"उचलतो, पण धरत नाय. आतली रिंग गेली असंल. परत वर घ्या, खालून गळती बघतो."

"लाकडाचा टेकू लाव रे आधी," मी म्हटलं.

"लगेच निघतो गो मामी."

ह्यांनी रोटर वर घेतला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून हे माझ्याजवळ आले. मिथुन गुडघ्यावर बसून वाकला. आभाळ काळं झालेलं. इतका वेळ ओरडणारे बेडूक एकदम गप्प झाले. गरम तेलाचा वास नुसता तरंगत राहिला...

टण... टण...

मिथुन विचार न करता मागे उडाला. धाडकन रोटर पडला. जिथे त्याची मान होती तिथे पाती रुतली.

"मामा... पाना तुम्ही वाजवलात?"

ह्यांच्या दोन्ही हातांत छत्री, माझ्या हातात चहाची किटली. पाना मिथुनच्याच खिशात.

"नाय रे..."

सीट काढून मिथुनने वरचं झाकण उघडलं. रिंग निघाली, दोन तुकडे. तुटलेली कड जुनी, काळी पडलेली.

"मामी... ही आजची नाय. वर्षाची तुटलेली हाय. हिच्यावर एक दिवस पण रोटर उचलला नसता. मग वर्षभर उचललं कुणी?"

"नवी घाल," हे हळूच म्हणाले, "आणि गप ऱ्हा."

नवी रिंग बसली. रोटर वर गेला तो वरच राहिला. दिवेलागणीच्या आत चिखलणी उरकली. सकाळी बायका गाणी म्हणत चिखलात उतरल्या. त्या साली आमच्या कणग्या अपुऱ्या पडल्या, भात पडवीत ओतावा लागला. पहिलं पोतं मिथुनच्या घरी गेलं.