सेव्ह न करता

बाबांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून एक प्रोग्रामिंगची भाषा उभी केली होती. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर चालावी म्हणून तिच्याखाली एक आभासी यंत्र होतं, आणि त्या यंत्राचं नवं बिल्ड, म्हणजे ताजी आवृत्ती, रोज सकाळी आपोआप तयार होई. बाबा गेल्यावर ते तपासायचं काम लेकीने मागून घेतलं. घरात तसंही बोलायला कुणी उरलं नव्हतं.

तपासायची रीत बाबांचीच. एक जुनं सेशन, म्हणजे चालू असताना जसंच्या तसं गोठवून ठेवलेलं काम, नव्या बिल्डमध्ये उघडायचं. बंद करताना होतं तसं, उघड्या खिडक्यांसकट ते जागं झालं की बिल्ड पास. मग लगेच, सेव्ह न करता बंद करायचं. म्हणजे उद्याही तोच क्षण हाती येतो. हे सेशन बाबांच्या शेवटच्या दुपारचं होतं. कोपऱ्यातल्या खिडकीत अर्धं वाक्य होतं : 'मला वाटतं, दारात'. पुढे कर्सर लुकलुकत असे. तेवढं लिहून होतंय तोच त्यांच्या छातीत कळ आली होती.

एका दुपारी तिथे 'दारात कुणी' असं दिसलं. आपणच नीट वाचलं नसेल, म्हणून तिने सोडून दिलं. पुढच्या बिल्डमध्ये 'कुणीतरी उभं' होतं. तिने फाइल मूळ प्रतीशी ताडून पाहिली. एका अक्षराचाही फरक नव्हता. जुन्या बिल्डमध्ये उघडलं, तर वाक्य त्या त्या दिवशीच्या जागीच अडे.

तिने बाबांच्या मित्राला फोन लावला.

"काका, तुमच्याकडे ते वाक्य कुठे थांबतं?"

"दारात. तुझ्या बापाने एक काम धड पुरं केलं असेल तर शपथ!" काका हसले. "जेवतेस ना वेळेवर? बरं ऐक, ही जुनी सेशनं आता मोडीत काढतोय. उद्याच्या बिल्डमध्ये उघडणार नाहीत."

"इतक्यात?"

"अगं, किती दिवस उराशी धरून बसशील?"

म्हणजे बाबांना काय सांगायचं होतं, ते कळायला हे शेवटचं बिल्ड. तिने सेशन उघडलं आणि या खेपेला बंद केलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर ऊन भिंतीवरून उतरत होतं. पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

'मला वाटतं, दारात कुणीतरी उभं आहे.'

कर्सर खालच्या ओळीवर गेला.

'लेकच ती. तिला जाऊन वर्ष होईल. रोज येते, क्षणभर बघते, नाहीशी होते. आज अजून उभी आहे.'

तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

घाईघाईने तिने 'बाबा' असं टाइप केलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही. पुन्हा केलं, बोटं दुखेपर्यंत जोराने.

कर्सर थबकला. मग सावकाश एक ओळ उमटली.

'आत्ता कुठेतरी कीबोर्ड वाजल्यासारखा वाटला.'